रिपोर्टमधले रिसेप्टर कसे वाचायचे: हर-टू, ईजीएफआर आणि 'पॉझिटिव्ह'ची भानगड

मागे एकदा रात्री नात्यातल्या एका दादाचा फोन आला, आवाज एकदम मोकळा, "अगं तिन्ही टेस्ट निगेटिव्ह आल्या, सुटलो बघ." मी क्षणभर गप्पच. कारण वहिनीच्या बायोप्सीत जे तीन निगेटिव्ह होते ते इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि हर-टू, म्हणजे ज्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात ते, आणि कॅन्सर आहे हे सांगणारी ओळ त्याच कागदावर वरच्या बाजूला होती, ती त्याने धड वाचलीच नव्हती. त्याला तरी काय बोलणार, आपल्याला रक्ताच्या रिपोर्टची सवय, तिथे निगेटिव्ह आलं की हुश्श. इथे पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा अर्थ बरा-वाईट असा नसतोच, अर्थ एवढाच की या गाठीच्या पेशींवर अमुक एक रिसेप्टर आहे की नाही, म्हणजे त्या रिसेप्टरवर बेतलेलं औषध इथे चालायची शक्यता आहे की नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, कापायचं आणि स्लाइड रंगवायचं काम करते. डॉक्टर नाही, कुठलं औषध घ्यायचं ते मी सांगणार नाही, पण तो कागद हातात आल्यावर कुठून वाचायला लागायचं आणि डॉक्टरांना काय विचारायचं एवढं नक्की सांगू शकते.

आधी रिसेप्टर म्हणजे काय ते डोक्यात बसू दे, नाहीतर पुढचं सगळं नुसती अक्षरं वाटतील. दाराची बेल आठवा. बटण बाहेर, वायर भिंतीतून आत, आणि आवाज घरात. पेशीचं तसंच, रिसेप्टरचा एक भाग पेशीच्या बाहेर डोकावतो, मधला भाग पेशीच्या आवरणातून आरपार जातो आणि शेपूट आत. बाहेरून येऊन बटण दाबणारं बोट म्हणजे ग्रोथ फॅक्टर, एक छोटंसं प्रोटीन, उदाहरणार्थ ईजीएफ, त्यात अमिनो ॲसिड फक्त ५३. ते ज्या रिसेप्टरवर बसतं तो ईजीएफआर. ते येऊन बसलं की शेजारशेजारचे दोन रिसेप्टर जोडीने चिकटतात, आतल्या शेपट्या एकमेकांवर फॉस्फेट चिकटवतात आणि तिथून निरोप पुढे पुढे जातो, रास, मग राफ, मेक, अर्क अशी एक रांग, दुसरी पीआयथ्रीके आणि एकेटीची, आणि शेवटी केंद्रकापर्यंत खबर पोचते की वाढ, दोन हो, मरू नकोस. जखम भरताना हेच सगळं होतं, त्यात वाईट काही नाही, फक्त काम झालं की बेल थांबते.

हा ईजीएफ सापडला तो उंदरांमुळे. स्टॅन्ली कोहेन यांनी लाळग्रंथींचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचला तर पिल्लांचे डोळे वेळेच्या आधी उघडले आणि दातही लवकर आले. दुसरा कोणी असता तर गंमत म्हणून सोडून दिलं असतं, यांनी त्यातलं प्रोटीन वेगळं काढलं, आणि १९८६ चं नोबेल त्यांना आणि रीटा लेवी-मोंताल्चिनी यांना मिळून मिळालं, बाईंचं काम मज्जातंतूंच्या ग्रोथ फॅक्टरवरचं. आणि फॉस्फेट टायरोसिन नावाच्या अमिनो ॲसिडवरही चिकटतो, जसा या शेपट्यांवर चिकटतो, हे १९७९ मध्ये टोनी हंटर यांच्या लक्षात आलं तेही जुन्या बफरमुळे, म्हणजे प्रयोगात वापरायच्या जुन्या द्रावणामुळे, त्याचा पीएच उतरून १.७ झाला होता म्हणून दोन ठिपके वेगळे दिसले, ताज्या बफरमध्ये ते एकावर एकच पडले असते. आमच्याकडे जुना बफर वापरला तर ओरडा बसतो.

तर कॅन्सरमध्ये ही बेल तीन तऱ्हांनी बिघडते, आणि रिपोर्ट वाचताना तुम्हाला खरं तर हेच शोधायचंय की आपल्या केसमध्ये कुठली तऱ्हा. एक, बटणंच भरमसाट झाली, दारभर बटणं, नुसता वारा लागला तरी बेल वाजतेय. दोन, बटण एकच पण आत अडकून बसलंय, बोट नसतानाही वाजतच राहतं. तीन, बटण ठीक आहे पण आत भिंतीत वायर शॉर्ट झालीय. पहिलीत बाहेरून बटण झाकता येतं, दुसरीत आतून करंट तोडावा लागतो, आणि तिसरीत बटणाशी कितीही झटापट केली तरी आवाज बंद होत नाही.

आता कागद घ्या हातात. सगळ्यात आधी नमुना कुठला ते बघा, स्तनातली गाठ, काखेतली गाठ, लिव्हरमधली का हाडातली, कारण मूळ गाठीत आणि पसरलेल्या गाठीत रिसेप्टर वेगळे निघू शकतात. मग फॉर्मॅलिनची, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाची, वेळ लिहिलीय का बघा. ही ओळ कोणी वाचत नाही आणि माझ्या मते ती मोठ्या अक्षरात छापायला हवी. तुकडा शरीरातून काढल्यावर तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि स्तनाच्या नमुन्याला ६ ते ७२ तास मिळायला हवेत, कमी झालं तरी रंग धड उठत नाही, फार जास्त झालं तरी नाही. एकदा आमच्याकडे एक नमुना आला, वरती वेळच नव्हती, डबीत फॉर्मॅलिन जेमतेम तळाला आणि तुकडा अर्धा कोरडा. स्लाइडवर गाठीतला रंग फिका, आणि शेजारची निरोगी दुधाची नळी जी हमखास रंगायला हवी तीही फिकी. म्हणजे रिसेप्टर नाहीत का आपण ते मारले, कसं सांगणार? डॉक्टरांनी निगेटिव्ह लिहायला नकार दिला आणि दुसरा तुकडा मागवला. घरच्यांची चिडचिड झाली, साहजिकच होती. हाडाच्या नमुन्यात तर आणखी एक गोष्ट, हाड मऊ करायला ॲसिड वापरतात आणि काही ॲसिड डीएनएची पार वाट लावतात, म्हणून हाडाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर हे जरूर विचारा.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर पटकन उरकते, कारण ते बेलवाले नाहीत, ते पेशीच्या आतच असतात आणि रंग केंद्रकात दिसतो. शंभरात किमान एक पेशी रंगली तरी पॉझिटिव्ह धरतात, पण १ ते १० टक्के असेल तर लो पॉझिटिव्ह असं वेगळं लिहितात, कारण हार्मोनच्या गोळ्यांचा फायदा तिथे तेवढा खात्रीचा नसतो. म्हणून नुसतं पॉझिटिव्ह वाचून थांबू नका, टक्का वाचा. खाली केआय-६७ असा आणखी एक आकडा असतो, तो रिसेप्टर नाही, किती पेशी वाढीच्या चक्रात आहेत त्याचा अंदाज आहे.

हर-टूवर मात्र जरा बसू. ईजीएफआरच्या कुटुंबात चार भावंडं, हर-टू त्यातलं दुसरं, आणि याची गंमत अशी की याला स्वतःचं बोटच नाही, म्हणजे याच्यावर येऊन बसणारा ग्रोथ फॅक्टर सापडलेलाच नाही. हा कायम जोडीदार शोधत उभा असतो, खास करून हर-थ्री, आणि ती जोडी फार जोरात वाजते. निरोगी पेशीवर साधारण २०,००० हर-टू असतात, बिघडलेल्या पेशीवर २० लाखांपर्यंत जातात, कारण १७ नंबरच्या क्रोमोसोमवरच्या त्या जीनच्या प्रतीच वाढलेल्या असतात. डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की अशा प्रती वाढलेल्या स्तनाच्या गाठी जास्त आक्रमक असतात, आणि १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब, म्हणजे हर-टूचं बटण बाहेरून झाकणारं औषध, अमेरिकेत मंजूर झालं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साधारण १५ ते २० टक्के केस हर-टू पॉझिटिव्ह निघतात.

स्लाइडवर हे कसं दिसतं सांगते. मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीची पापुद्र्यासारखी चकती कापायची, कोमट पाण्यावर तरंगवायची, काचेवर उचलायची, मग अँटिबॉडी, म्हणजे नेमकं हर-टूलाच चिकटणारं प्रोटीन, घालायची आणि शेवटी तपकिरी रंग. केंद्रकं निळी. ३+ असेल तर सगळ्यात कमी ताकदीच्या लेन्सखालीच कळतं, प्रत्येक पेशीभोवती जाड तपकिरी कड, सलग, आणि पेशी एकमेकींना लागून असल्यामुळे अख्ख्या गाठीवर कोणी तपकिरी जाळी टाकल्यासारखं दिसतं, निळं केंद्रक त्या जाळीच्या प्रत्येक भोकात. २+ मध्ये लेन्स बदलावी लागते, कड असते पण फिकी, कुठे पूर्ण कुठे थोडी बारीक. १+ मध्ये ४० ची लेन्स लावून डोळे ताणून बघितलं तर कडेचा एखादा तुकडा तपकिरी वाटतो, आणि शेजारचा सहकारी म्हणतो मला तर शून्य वाटतंय. हे भांडण रोजचं आहे.

तर आकडा असा वाचा. दहा टक्क्यांहून जास्त पेशींवर पूर्ण आणि गडद कड असेल तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह, पुढे काही शोधायचं नाही. शून्य आणि १+ आजवर निगेटिव्ह म्हणून एकाच खात्यात जायचे. २+ म्हणजे ठरत नाही, आणि इथेच लोक घोळ करतात, २+ वाचून पॉझिटिव्ह समजतात किंवा घाबरून बसतात, तर तसं नाही, २+ आलं की फिश टेस्ट लागते. त्यात अंधारात चमकणारे ठिपके मोजतात, एका रंगाचे हर-टू जीनचे, दुसऱ्या रंगाचे १७ नंबरच्या क्रोमोसोमच्या मध्यभागाचे, निदान २० पेशींत. दोघांचं गुणोत्तर २ किंवा जास्त आणि हर-टूचे ठिपके पेशीमागे सरासरी ४ किंवा जास्त, तर पॉझिटिव्ह. अधलेमधले आकडे आले तर आणखी पेशी मोजून, स्लाइड परत बघून ठरवतात, त्याला वेळ लागतो तो लागू द्या. पोटाच्या म्हणजे जठराच्या कॅन्सरमध्ये नियम वेगळे, तिथे कड पूर्ण गोल नसली, इंग्रजी यू सारखी असली तरी चालते, तेव्हा स्तनाचे नियम वाचून जठराचा रिपोर्ट तपासत बसू नका.

आणि हो, शून्य आणि १+ एकाच खात्यात जायचे म्हटलं ना, ते आता बदललंय. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन हे औषध पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू लो लोकांसाठीही मंजूर झालं, लो म्हणजे १+, किंवा मग २+ पण फिश निगेटिव्ह. हे औषध बटण झाकून थांबत नाही, बटणाला धरून केमोची पुडी आत नेऊन फोडते, त्यामुळे दारभर बटणं नसली, चार-दोन असली तरी भागतं. म्हणून जुन्या रिपोर्टवर नुसतं "हर-टू निगेटिव्ह" लिहिलेलं असेल तर आकडा मागून घ्या, शून्य का १+. तेवढ्या एका आकड्यावर एक अख्खा पर्याय उघडू शकतो. दादाला मी त्या रात्री पहिलं हेच विचारायला सांगितलं होतं, आणि दुसरं बीआरसीए या आनुवंशिक जीनची टेस्ट आणि इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी औषधं, याबद्दल, कारण ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे पर्यायच नाही असंही नाही.

आता फुफ्फुस. इथे ईजीएफआर, आणि इथे बिघाड दुसऱ्या तऱ्हेचा, अडकलेलं बटण. त्यामुळे रंग किती उठला हे बघून गोळी ठरत नाही, जीनची टेस्ट लागते, आणि रिपोर्टवर "ईजीएफआर पॉझिटिव्ह" एवढंच असेल तर ते अर्धवट आहे, कुठलं म्युटेशन, म्हणजे जीनमधला नेमका कुठला बदल, ते पाहिजे. एक्सॉन म्हणजे जीनचा एक नंबर दिलेला भाग. एक्सॉन १९ डिलिशन आणि एल८५८आर हे दोन नेहमीचे, बहुतेक केसेस यातच येतात आणि गोळ्या यांच्यावर चांगल्या चालतात. एक्सॉन २० इन्सर्शन मात्र नाव त्याच जीनचं असूनही जुन्या गोळ्यांना दाद देत नाही, त्याचे पर्याय वेगळे. म्हणून "ईजीएफआर आहे ना मग गोळी का नाही देत" असं डॉक्टरांशी भांडायच्या आधी एक्सॉनचा नंबर वाचा.

मोठ्या आतड्यात तिसरी तऱ्हा. सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही ईजीएफआर बाहेरून झाकणारी औषधं, पण केरास किंवा एनरास, म्हणजे मघाच्या निरोपाच्या रांगेतल्या रासचेच प्रकार, बिघडलेलं असेल, म्हणजे वायर आतच शॉर्ट, तर झाकून काहीच फायदा नाही, उलट त्रास फुकट. आतड्याच्या साधारण ४० टक्के केसेसमध्ये केरास बिघडलेलं असतं. इथे रिपोर्टवर तुम्हाला हवा असलेला शब्द "वाइल्ड टाइप", म्हणजे मूळ आहे तसं, न बिघडलेलं. नाव ऐकून लोकांना भयंकर काहीतरी वाटतं, प्रत्यक्षात ती इथे बरी बातमी असते.

औषधाच्या नावावरूनही बरंच कळतं. शेवटी "मॅब" असेल तर अँटिबॉडी, मोठा रेणू, सलाइनमधून किंवा कातडीखाली, बाहेरून बटण धरणारी. शेवटी "टिनिब" असेल तर छोटा रेणू, गोळी, पेशीत शिरून शेपटीचा करंट तोडणारी, जशी गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब, लॅपाटिनिब. मॅबच्या आधी "झु" किंवा "क्सि" असेल तर अँटिबॉडी मूळ कशावरून बनवली त्याची खूण, पण २०१७ नंतरच्या नवीन नावांत ती खूण ठेवत नाहीत आणि २०२१ पासून तर नवीन नावांतून मॅब पण काढलंय, त्यामुळे पुढे हा नियम हळूहळू निकामी होणार. एक गोष्ट मात्र पाठ करा. ट्रास्टुझुमॅब, ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन आणि ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन ही तीन वेगळी औषधं आहेत, एकाच्या जागी दुसरं चालत नाही, डोसही वेगळे, तीन आठवड्यांच्या हिशेबात पहिलं किलोला ६ मिलिग्रॅम, पहिल्या वेळी ८, दुसरं ३.६ आणि तिसरं स्तनासाठी ५.४. बाटली लावायच्या आधी पूर्ण नाव मोठ्याने वाचून घ्या, नर्सताईंना राग येत नाही, उलट त्याही तेच करत असतात.

त्रास काय होणार हेही रिसेप्टर कुठे कुठे आहे त्यावरून ओळखता येतं. ईजीएफआर कातडीत आणि आतड्यात असतोच, म्हणून त्याच्या औषधांनी पहिल्या दोन आठवड्यांत तोंडावर-छातीवर पुरळ, नंतर नखांच्या कडा सुजणं, आणि जुलाब. ते पुरळ मुरमासारखं दिसतं पण मुरूम नाही, मुरमाचं क्रीम चोपडू नका, त्याने कातडी आणखी सुकते, साधं मॉइश्चरायझर आणि ऊन टाळणं, आणि डॉक्टर पुष्कळदा डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक आधीच सुरू करतात. गेफिटिनिब-एर्लोटिनिब घेणाऱ्यांनी ॲसिडिटीची गोळी मनाने घेऊ नये, पोटातलं ॲसिड कमी झालं की ही औषधं नीट शोषली जात नाहीत. हर-टूची निरोगी हृदयाच्या स्नायूलाही गरज असते, म्हणून ट्रास्टुझुमॅब सुरू करायच्या आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी, आणि पंपिंग उतरलं तर औषध थांबवल्यावर ते बहुतेकदा सुधारतं. टिनिबच्या गोळ्या किंवा डेरक्सटेकन चालू असताना नवीन कोरडा खोकला आला किंवा दम लागायला लागला तर वातावरण बदललं असेल म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी कळवा, फुफ्फुसाला सूज असू शकते.

एक प्रश्न मला हमखास येतो, "केमोनंतर ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन दिलं, म्हणजे कॅन्सर वाढवायचं दिलं का?" नाही हो. ते इंजेक्शन बहुधा फिल्ग्रास्टिमचं, आणि त्याचं बटण अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी बनवणाऱ्या पेशींवर असतं, ते दाबून त्यांची संख्या भरून काढतात. केमोनंतर २४ तासांच्या आत देत नाहीत, आणि एक-दोन दिवस कंबर-मांड्यांची हाडं ठणकतात, ते अपेक्षित आहे.

शेवटचं, औषध चांगलं चालू होतं आणि मग गाठ परत वाढली तर जुन्याच रिपोर्टवर पुढचं ठरवू देऊ नका, परत टेस्ट होईल का विचारा. गेफिटिनिब-एर्लोटिनिबवर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांत कालांतराने टी७९०एम नावाचा नवा बदल दिसतो, म्हणजे करंट तोडायची जागाच बदलते, आणि ओसिमर्टिनिब मुळात त्याच बदलासाठी आलं, २०१५ मध्ये. हा बदल रक्तातही शोधता येतो, सुई-बायोप्सी लागतेच असं नाही, पण रक्तात मिळाला तर आहे, नाही मिळाला तर नाहीच असं म्हणता येत नाही, तेव्हा मग तुकडाच घ्यावा लागतो. आणि जुना तुकडा परत तपासायचा असेल तर लॅबला नावापेक्षा ब्लॉक नंबर लागतो, रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात असतो, त्याचा आत्ताच फोटो काढून ठेवा. नुसतं आडनाव आणि "दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात" एवढ्यावर ब्लॉक शोधायला मी अख्खी दुपार कपाटासमोर बसलेली आहे.